गार पंगत

विस्तवाशिवाय जेवण मांडायचं म्हणजे हात झटकून मोकळं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा घरभर माणसांसाठी काकड्या चिरून बघाव्यात. शिजणाऱ्या अन्नाची एक सोय असते. झाकण ठेवलं की ते आपलं आपण शिजतं, तेवढ्यात माणूस पाठ टेकतो. न शिजणाऱ्या अन्नाला मात्र शेवटपर्यंत हात लावून बसावं लागतं. थोरली सून सकाळपासून तशी हात लावून बसली होती.

सासूबाईंच्या पुढच्या खोलीत तिने दोन टेबलं जोडली आणि फट दिसू नये म्हणून वर इस्त्रीची चादर घातली. एका टोकाला पाव, त्यातही मऊ, कडक आणि तिळाचा असे तीन प्रकार. मग लोणी, चीजचे काप, टोमॅटोच्या चकत्या, लिंबू पिळलेले डब्यातले मक्याचे दाणे, पुदिना घातलेलं घट्ट दही. मधोमध द्राक्षं आणि संत्र्याच्या फोडी. दुसऱ्या टोकाला बी काढून आत अक्रोड भरलेले खजूर, आणि काचेच्या ग्लासांत बिस्किटांचा चुरा, मलई, फळं असे थरावर थर. एका खजुराने तिच्या डाव्या हाताच्या बोटाचा बळी घेतला होता. पट्टी बांधून ती पुढच्या खजुराकडे वळली होती.

सासूबाईंना, म्हणजे आईंना, ऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. त्या खिडकीपाशी आपल्या खुर्चीत नवं पातळ नेसून बसल्या होत्या आणि थोरलीचं टेबल न्याहाळत होत्या. एकदाच बोलल्या, तेही द्राक्षांबद्दल. घड तसाच ठेवू नकोस, कात्रीने छोटे झुबके कर, नाहीतर धाकटा उभ्या उभ्या अख्खा घड संपवील. थोरलीने झुबके केले.

धाकटा दीर आला तो दारातूनच हवा हुंगत. मोटारी विकून विकून त्याचा आवाज नेहमी बंद काचेबाहेरच्या माणसाशी बोलल्यासारखा मोठा झाला होता. फोडणीचा वास नाही, कुकरची शिट्टी नाही, आपण चुकीच्या मजल्यावर तर नाही ना आलो, असं त्याने विचारलं. मग टेबलाला एक फेरी घातली आणि काकडीची चकती उचलून उजेडात धरली.

"वहिनी, आज जेवायला कोण येतंय? आपण की ससे?"

सगळे हसले. थोरलीचा नवराही हसला, आणि हसल्यावर त्याने बायकोकडे पाहिलं, म्हणजे आधी पाहायला हवं होतं हे नंतर त्याच्या ध्यानात आलं. धाकट्याची बायको म्हणाली की छान दिसतंय हो जाऊबाई, आमच्या ऑफिसातही निरोपसमारंभाला असंच ठेवतात. ती हे गोड आवाजात म्हणाली. ती कडूही गोड आवाजातच म्हणत असे.

"याला म्हणतात गार पंगत," धाकट्याने जाहीर केलं आणि तो शब्द दुपारभर घरात फिरत राहिला. पोरांनीही उचलला. गार पंगतीत कुणी वाढायचं नसतं, ज्याने त्याने आपली ताटली घेऊन रांगेत यायचं. पण या घरात पहिलं ताट कुणाला वाढायचं हे आजवर आई ठरवत आल्या होत्या. त्यावरून कुणावर मर्जी आहे नि कुणाचं बिनसलंय ते कळायचं. आज ते कळायला काही मार्ग नव्हता, त्यामुळे सगळे रिकाम्या ताटल्या धरून एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. शेवटी ताईच पुढे झाल्या.

ताई म्हणजे भावंडांत मोठ्या, आणि मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या लांबच्या शहरातून आदल्या दिवशी आल्या होत्या. शाळेत असोत की माहेरी, त्या खोलीत शिरल्या की लोक नकळत ताठ बसत. त्यांनी पावाचा तुकडा घेतला, त्यावर लोणी लावलं आणि आईंच्या हातात ताटली देत सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जिने चाळीस वर्षं गरम गरम वाढलं, तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाला हा कोरडा तुकडा."

थोरली दह्याचा चमचा सरळ करत राहिली. सुट्टी मिळाली नाही, आदल्या दिवशी दुकानात उशीर झाला, म्हणून हे सोपं ठेवलं, एवढं तिने सांगितलं. तेच सांगायचं ठरलं होतं. आणि ते कुणी ठरवलं होतं, ती बाई खिडकीपाशी बसून पावाची कड मोडत होती.

दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. थोरली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. दुकान उघडायच्या आधी रोज सासूबाईंकडे एक चक्कर असते. त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर. त्या दिवशी तिने किल्लीने दार उघडलं आणि वासाने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेगडीचं एक बटण पुरतं उघडं, वर ज्योत नाही, आणि आई शेजारच्या खोलीत आरामात पेपर वाचत बसलेल्या. त्यांना वासच आला नव्हता. बहुधा बऱ्याच दिवसांपासून येत नसावा. थोरलीने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. आईंनी तिचं मनगट धरलं. हे कुणाला कळता कामा नये.

त्यांना भीती होती ती ताईंची. मागच्या वर्षी दुधाचं पातेलं करपून पडद्याला झळ लागली, शेजाऱ्यांनी दार ठोठावलं, तेव्हा ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की पुन्हा असं एकदा जरी झालं तर आई माझ्याकडे. ताईंकडे एकदा आई दोन महिने राहून आल्या होत्या. तिथल्या खोलीची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडत होती. तिथे त्यांना पाणीसुद्धा विचारून प्यावं लागे. त्या परत आल्या तेव्हा पोलक्यात हाडं खुळखुळत होती.

"इथून हलवलंत तर मी जगणार नाही," त्या मनगट न सोडता म्हणाल्या होत्या. "तुला माझी शपथ आहे. त्यालाही सांगायचं नाही. त्याला विचारलं की तो सगळं सांगतो, कोर्टातली सवय."

थोरलीचा नवरा कोर्टात टंकलेखक होता. दिवसभर लोकांच्या साक्षी शब्दन् शब्द उतरवून घेणारा माणूस. घरी आल्यावर स्वतःचं बोलायला त्याच्याजवळ फार शब्द उरत नसत.

मग दोघींनी मिळून रीत बसवली. थोरली सकाळी येई, आईंचं दोन वेळचं करी, चहा थर्मासात भरे आणि जाताना शेगडीची चारही बटणं खेचून काढून घेई. ती तिने एका जुन्या, कडक चष्म्याच्या घरात ठेवली होती. दुकानात भिंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून देतात तसलं. पर्समध्ये ती बटणं दिवसभर आपापसांत वाजत. वाढदिवसाला सगळे जमणार, आईंच्या हातचं मागणार, आईंना शेगडीपाशी उभं राहावं लागणार, हे दिसत होतं. तेव्हा शेगडीच नको, सगळं गारच ठेवू, असं थोरलीने सुचवलं. सांगायचं मात्र तुझं नाव, असं आईंनी सुचवलं. थोरलीने विचार केला, एका दुपारचे टोमणे. तेवढे खाऊ. टोमण्यांनी कुणाचं पोट बिघडलेलं ऐकलं नाही.

तर ती दुपार बरीचशी उलटली होती. पोरांनी ग्लासांतली मलई चाटून संपवली, खजूर संपले. सशांचं जेवण म्हणणाऱ्या धाकट्याने तिसऱ्यांदा ताटली भरून घेतली आणि टोमॅटोला जरा मीठ कमी आहे असं सांगितलं. आता उरकलं, असं थोरलीच्या मनात आलं. नेमकं तेव्हा ताईंचं डोकं दुखायला लागलं.

ताईंच्या डोकेदुखीला चहाखेरीज औषध नव्हतं. थर्मास थोरलीने कधीच फिरवून संपवला होता. मी खालून आणते, ती घाईने म्हणाली, कोपऱ्यावर चांगला मिळतो. ताई म्हणाल्या, माहेरी येऊन मी कोपऱ्यावरचा चहा पिऊ? आणि उठल्या. थोरली त्यांच्या मागोमाग निघाली, पण मधे टेबल होतं, टेबलाभोवती माणसं होती.

स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला. मोठा नव्हता. शाळेत फळ्यावर कुणी काय लिहिलं असं विचारताना येतो तसा होता.

"या शेगडीची बटणं कुठे आहेत?"

सगळे आत गोळा झाले. शेगडी लखलखत होती आणि बटणांच्या जागी चार लोखंडी दांड्या पुढे आलेल्या होत्या, दात पडलेल्या तोंडासारख्या. ताईंनी आधी थोरलीकडे पाहिलं, मग खुर्चीतून उठून चौकटीत येऊन उभ्या राहिलेल्या आईंकडे.

"आई, बटणं?"

आता त्या काहीतरी सांगतील, असं थोरलीला वाटलं. दुरुस्तीला दिलीत म्हणतील, धुवायला काढलीत म्हणतील. या बाईने आयुष्यात मोठमोठी भांडणं एका वाक्यात गुंडाळून ठेवलेली तिने पाहिली होती. आईंनी पदर सारखा केला.

"मला कशाला विचारता," त्या म्हणाल्या. "बटणं तिच्या पर्समध्ये असतात. मला माझ्याच घरात चहा करायची चोरी आहे."

पोरं पुढच्या खोलीत द्राक्षं एकमेकांना फेकून मारत होती, त्यांचाच काय तो आवाज. धाकटीने थोरलीची पर्स खुंटीवरून काढून तिच्या पुढे धरली, उघडली मात्र नाही. तेवढी रीत तिने पाळली. थोरलीने चष्म्याचं घर काढून ओट्यावर ठेवलं. धाकट्याने ते उघडलं.

"वहिनी, म्हणजे तुम्ही आईला कोंडून ठेवता? स्वतःच्या घरात?"

"खरं का हे?" नवऱ्याने विचारलं.

दुकानात डोळे तपासताना थोरली दिवसातून शंभरदा एकच प्रश्न विचारते. एक भिंग बसवायचं, मग काढून दुसरं बसवायचं आणि विचारायचं, पहिलं बरं की दुसरं? लोक पटकन सांगतात. पण एखाद्याला दोन्हीतून सारखंच अंधुक दिसतं, मग तो नुसता गप्प बसतो, जणू परीक्षेत नापास होतोय. थोरली तशी गप्प बसली. खरं सांगितलं तर उद्याच्या गाडीने आई त्या भिंतीसमोरच्या खिडकीपाशी. आणि नाही सांगितलं तर आपण वाईट. तिने आईंकडे पाहिलं. आईंनी नजर चुकवली नव्हती. त्या सरळ तिच्याकडे बघत होत्या. चेहरा इतका कोरा होता की थोरलीला वेगळीच शंका आली. विसरल्या असतील का? तो वास, ते मनगट, ती शपथ, सगळं पुसलं गेलं असेल का? तसं असेल तर रागवायचं कुणावर? त्या शंकेने तिला जरा बरं वाटलं.

"हो," ती म्हणाली. "मीच काढली."

"का?" ताई.

"रोज शेगडी पुसायचा कंटाळा येतो."

तिला वाटलं होतं, हे कुणाला पटणार नाही. कुणीतरी म्हणेल, छे, तू असं करणार नाहीस, खरं काय ते सांग. निदान नवरा म्हणेल. पण ते सगळ्यांना लगेच पटलं. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल जे जे त्यांच्या मनात होतं त्यात ते वाक्य चपखल बसलं, जणू त्याचीच जागा मोकळी ठेवलेली होती. धाकटी हळूच "अगं बाई" म्हणाली. ताईंनी मान हलवली, उत्तरपत्रिकेत अपेक्षित चूक सापडल्यावर हलवतात तशी. नवऱ्याने खाली बघितलं.

पुढे बोलले ते बहुतेक ताई आणि धाकटाच. या बाईच्या हाताखाली आईला ठेवायचं नाही, हे ठरलं. ताई म्हणाल्या, मी घेऊनच जाते. तेव्हा आई मधे पडल्या. मी कुठे जात नाही, माझ्या शेगडीला बटणं असली की मला सगळं जमतं, त्या म्हणाल्या. आवाज असा दुखावलेला की ताईंनाही गहिवरून आलं. मग तोडगा निघाला. उद्यापासून रोज सकाळी धाकटी येऊन बघून जाईल. किल्ली तिच्याकडे राहील. धाकटी म्हणाली, येईन की, माझं ऑफिस उशिराच असतं. नवऱ्याकडे बघून तिने डोळे मोठे केले, ते थोरलीशिवाय कुणाला दिसलं नाही. थोरलीने जुडग्यातून किल्ली काढायला सुरुवात केली. बोटाच्या पट्टीमुळे ती लवकर निघेना. कुणी मदतीला हात पुढे केला नाही.

धाकट्याने बटणं दांड्यांवर बसवली, एकेक करत, नव्या मोटारीची चावी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवावी तशा थाटात. आता आईच्या हातचा चहा होऊन जाऊ दे, असं तो म्हणाला. आई मागे सरल्या. नको रे, माझी हाताची सवय मोडली आता, तुम्हीच करा. ताईंनी थोरलीकडे पाहून म्हटलं की बघा, बाईचा आत्मविश्वास कसा खच्ची होतो ते. चहा धाकटीने केला. जिंकून आल्यासारखा सगळ्यांनी तो प्याला. थोरलीलाही मिळाला, सगळ्यांत शेवटी, कान तुटलेल्या कपातून.

कप ठेवायला ती आत गेली तेव्हा तिला तो वास आला. अगदी पुसट. धाकटीने बटण शेवटपर्यंत फिरवलं नव्हतं. थोरलीचा हात आपसूक पुढे गेला आणि तिने ते घट्ट बंद केलं.

"आता तरी त्या शेगडीवरचा हात काढ," दारातून ताई म्हणाल्या.

ऊन उतरायच्या आत सगळे पांगले. ताईंना धाकट्याने आपल्या गाडीतून नेलं, रात्रीचं जेवण त्याच्याकडे, गरम गरम. नवरा स्कूटर काढतो म्हणून खाली गेला. थोरली मागे राहिली, कारण टेबल तिने मांडलं होतं. उरलेल्या पावाच्या कडा तिने पिशवीत भरल्या. दह्याला वर पाणी सुटलं होतं. काकडीच्या चकत्यांनी कडा वर उचलल्या होत्या.

चादरीची घडी घालताना तिला आतून आवाज आला, कुणी काहीतरी जोर लावून ओढत असल्यासारखा. ती आत गेली. आई ओट्याशी वाकून शेगडीची बटणं काढत होत्या. तीन निघाली होती, चौथं निघत नव्हतं. त्यांनी पदर त्याच्याभोवती गुंडाळून हिसका दिला. मग चारही चष्म्याच्या घरात ठेवली, झाकण लावलं आणि ते घर थोरलीच्या दिशेने ओट्यावरून सरकवलं.

थोरली त्या घराकडे बघत राहिली. म्हणजे काही पुसलं गेलं नव्हतं.

"तुम्हाला सगळं आठवत होतं," ती म्हणाली.

"आठवायला काय झालं? दोन आठवडे तर झाले."

"मग?"

आईंनी ओटा फडक्याने पुसायला घेतला. पुसलेलाच होता.

"तुझं नाव तसंही त्यांच्यात कुठे चांगलं होतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. भाजी कुठली आणायची ते सांगावं, असा होता. "माझं एक चांगलं होतं. दोघींची खराब करून काय मिळवलं असतं?"

याला उत्तर असेलही. थोरलीला ते सापडलं नाही. पुढे बरीच वर्षं ती ते शोधत राहिली, दुकानात, जिन्यात, अंथरुणात, आणि दर वेळी तिला त्या हिशेबात चूक काढता आली नाही, हेच तिला सगळ्यांत जास्त खुपत राहिलं.

"माझ्याकडे आता किल्ली नाही," ती म्हणाली.

"दार मी उघडीन. तू फक्त ती यायच्या आधी येऊन जा. तिला काय, ती चहाचा कप बघेल नि जाईल, शेगडीकडे ढुंकून बघणार नाही." मग बराच वेळ फडकं पिळून झाल्यावर, पाठमोऱ्याच, "येशील ना?"

त्या आवाजात पहिल्यांदा भीती होती. तीच, मनगटाला लागलेली. थोरलीने हो म्हटलं नाही. तिने चष्म्याचं घर उचललं, पर्समध्ये टाकलं आणि थर्मास धुऊन उद्यासाठी पालथा घातला.

खाली नवरा स्कूटरला टेकून उभा होता. बटणं पर्समध्ये वाजत होती, पण रस्त्यावरच्या गलक्यात त्याला ती ऐकू येणं शक्य नव्हतं. तिने पिशवी पुढे अडकवली आणि मागे बसली.

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. जेवण गार होतं म्हणाल्या."

"गार तर होतंच," तो म्हणाला, आणि त्याने स्कूटरला किक मारली.